डांबराची गाठ

बूझियानला कामाला बोलावलं की आधी त्याचं पोट तंबूत शिरतं आणि मागाहून तो. माझा सख्खा दीर, माझ्या अतियाचा धाकटा भाऊ, म्हणून मी हे बोलू शकते. दुसऱ्या कुणी बोललं तर त्याला मी बघून घेईन. पण खरं ते खरं. तंबूला आग लागलेली असली तरी चहाचा तिसरा पेला रिकामा झाल्याशिवाय हा माणूस विचारणार नाही की धूर कुठून येतोय. आणि त्या दिवशी आल्या आल्या त्याने जे केलं ते तर मी अजून गिळलेलं नाही. सलाम झाला, वाकून माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, आणि वळून त्याने माझ्या जेलूलच्या हातातून ट्रकची चावी काढून घेतली. काढून घेतली आणि आपल्या गळ्यातल्या ताइताच्या दोरीत ओवली. माझ्या मुलाच्या हातातून, त्याच्या बायकोसमोर.

दक्षिणेचा तापलेला वारा सुटलेला होता. हा वारा वाहायला लागला की ओठ तडकतात आणि माणसं एकमेकांना उगाच लागेल असं बोलतात. खालच्या माळावरचं गवत संपलं म्हणून आम्ही कळप घेऊन वर अल्फा गवताच्या रानात आलो होतो. गवत इथे होतं, पाणी नव्हतं. पाण्याची विहीर पार खाली, डांबरी रस्त्याच्या पलीकडे. मेंढरांनी तिथवर चालत जायचं म्हटलं तर पाणी पिऊन परत येईपर्यंत निम्मी वाटेत बसली असती, आणि या वाऱ्यात बसलेली मेंढी उठत नाही. म्हणून ट्रक. मागे लोखंडी टाकी बसवलेला, पुढे लांब नाकाड असलेला, माझ्या जेलूलहून वयाने मोठा ट्रक. अतिया आणि बूझियान दोघं भाऊ मिळून तो चालवायचे. अतिया गेल्यावर वाटणी झाली तेव्हा बूझियानने मेंढरं घेतली, ती विकून रस्त्यालगत घर बांधलं, आणि ट्रक माझ्याकडे राहिला. लोक म्हणत, त्याचा जीव ट्रकमध्ये अडकलाय. म्हणून चावी त्याच्या गळ्यात गेलेली पाहिली तेव्हा मला वाटलं, आता हा ट्रकही मागणार.

मेंढरं आदल्या सकाळी पाणी प्यायली होती. त्या पहाटे जेलूल ट्रकवर चढला, सेल्फ मारला. इंजिन फिरलं. घरघर घरघर करत फिरत राहिलं, पण पकडेना. पुन्हा मारला. पुन्हा तेच. मी तंबूतून ऐकत होते. आधी आवाज भरदार होता, मग जड झाला, मग अंगात ताप असलेल्या माणसासारखा ओढत ओढत येऊ लागला.

"बस कर," मी ओरडले.

"आता लागेल, यम्मा."

"लागायचा असता तर लागला असता."

पण तरुण माणसाला हातात चावी असली की ती फिरवल्याशिवाय राहवत नाही. शेवटी मीच सुनेला टेकडीवर पाठवलं, फोन तिथेच लागतो. म्हटलं, काकाला सांग, आज पाणी आलं नाही तर उद्या कातडी सोलायला ये.

माझी सून तूनेस. घरात येऊन तिला फार दिवस झालेले नाहीत. कामाला वाघीण आहे, पण डावखुरी. पीठ डाव्या हाताने मळते, चरखी डाव्या हाताने फिरवते, दोरीची गाठसुद्धा उलटी मारते. पाहुण्यांसमोर मी डोळ्यांनी खूण केली की हात बदलते आणि मग तिच्या हातून पेला निसटतो. बोलते इतकी कमी की कधी कधी वाटतं, जीभही डावीकडे ठेवून आलीय.

बूझियान आला तो फटफटीवर. मागे हत्यारांची पिशवी, अंगात पांढरा सदरा. हीसुद्धा त्याची एक तऱ्हा. इंजिनात हात घालायला पांढरा सदरा घालून येणार आणि सगळ्या बाजारात सांगत फिरणार की ज्याच्या सदऱ्याला डाग पडतो तो गाड्या दुरुस्त करत नाही, गाड्या कापतो. बारा गावच्या ड्रायव्हरांनी त्या सदऱ्यावर पैजा लावल्यात. डाग कुणी पाहिलेला नाही.

चावी गळ्यात अडकवून तो तंबूत येऊन बसला. तूनेसने चहा ठेवला. शेगडीची निळी ज्योत वाऱ्याने आडवी होत होती, तिला आडोसा म्हणून मी वाऱ्याकडे पाठ करून बसले.

"काका, मेंढरं," जेलूलने सुरुवात केली.

"चहा निवतोय."

"सकाळपासून मी सगळं पाहिलं, त्या पंपवाल्यानेच डिझेलमध्ये पाणी…"

"पुदिना कमी पडलाय, पोरी," बूझियान तूनेसला म्हणाला, "पण हात चांगला आहे."

तीन पेले झाले.  मग त्याने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "वहिनी, याने किती वेळ सेल्फ मारला?"

"त्यालाच विचार की."

"त्याला विचारलं तर तो म्हणेल, थोडाच."

जेलूलचे कान लाल झाले. बूझियान उठला, बॅटरीवर हात ठेवला, जसं एखाद्या दमलेल्या जनावराच्या मानेवर ठेवावा. "हिच्यात आता दोन-तीन झटके उरलेत. ते माझे. बाकी कुणी चावीकडे बघायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तू मागे जा. धुराच्या नळीजवळ उभी राहा. मी एकदाच फिरवेन. पांढरा, काळा की निळा, ते नीट सांग. अंदाज नको."

"मला धूर शिकवतोस? तुझं नाक पुसलं जायचं तेव्हापासून चुली फुंकतेय मी."

"म्हणून तर तुला पाठवतोय. जेलूल गेला तर त्याला हवा तो रंग दिसेल."

मी मागे गेले. नळीच्या तोंडासमोर तळहात धरला. त्याने सेल्फ मारला. हाताला वारा लागला, भक भक, कोरडा. डोळे मिटून वास घेतला.

"काहीच नाही," मी म्हटलं. "रंग नाही. वाससुद्धा नाही."

"वाससुद्धा नाही," तो खुश होऊन म्हणाला, जसं मी त्याला मटणाचा तुकडा वाढला. "हे पहाटे पाहिलं असतं तर बॅटरी वाचली असती. बघ जेलूल, इंजिन फिरतंय, म्हणजे हाडं धड आहेत. धूर नाही, म्हणजे पोटात घासच जात नाहीये. आता ताटापासून तोंडापर्यंत बघत जायचं, घास कुठे अडलाय."

या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट जेवणावाचून समजत नाही. पण ऐकायला सरळ वाटलं, हे कबूल.

इंजिन बंद करायची दांडी आत ढकललेली, म्हणजे मोकळी होती. जेलूल म्हणाला, ती मी तपासलीय. बूझियान म्हणाला, तू मूठ तपासलीस, मी टोक तपासतो. नाकाड उघडून आत वाकला, तारेचं टोक बोटाने हलवलं. ठीक होतं. मग डिझेलच्या टाकीचं झाकण काढून वेताची काडी आत सोडली. अर्ध्यापर्यंत भिजून आली. काडीचा वास घेतला, थेंब बोटांवर चोळला, जिभेला लावून थुंकला.

"पाणी नाही. त्या पंपवाल्याची माफी माग."

हवेचा फिल्टर काढून त्याने दगडावर आपटला. एवढी माती पडली की मी मागे सरले.

"वहिनी, यात कांदे लावता येतील."

"म्हणजे हेच ना?" जेलूल पुढे झाला.

"याने दम लागतो, उपासमार होत नाही. घाई नको."

हे सगळं चाललेलं असताना मेंढरं जवळ येऊ लागली होती. त्यांना ट्रक म्हणजे पाणी. पाण्याच्या रिकाम्या टाकीच्या तोटीखाली दोन-चार जणी तोंड वर करून उभ्या होत्या. एक म्हातारी मेंढी, कानाला निळी खूण असलेली, तोटीचं लोखंड चाटत होती. तिची जीभ कोरडी, करड्या चिंधीसारखी. कुशी आत गेलेल्या. लहान कोकरू तिच्या सडाला ढुशा मारत होतं आणि तिने त्याला पायाने झिडकारलं. आई कोकराला झिडकारते ते बघवत नाही. मी तिला हाकललं नाही.

बूझियानने पान्याने डिझेलच्या फिल्टरवरचा एक बारीक स्क्रू सैल केला आणि खालच्या छोट्या पंपाची दांडी अंगठ्याने दाबू लागला. स्क्रूतून डिझेल यायला पाहिजे होतं. आला फेस. तो दाबत राहिला, फेस येत राहिला, संपेना.

मी वाकून पाहिलं. ताक घुसळायच्या कातडीचं तोंड नीट आवळलं नाही की आत असाच फेस होतो, लोणी म्हणून येत नाही.

"वारा शिरलाय," मी म्हटलं.

बूझियानने मान वर केली. "कुठून?"

"मला काय ठाऊक. पण आतला वारा असता तर काढता काढता संपला असता. हा मागून येतोय, नवा नवा."

त्याने दांडी सोडली. "वहिनी, तू मेंढरांत वाया गेलीस."

मी तोंड वाकडं केलं. पण सांगते, अतिया गेल्यापासून मला कुणी असं म्हटलेलं नाही.

मग त्याने पंपाच्या पोटाखालची वाटी सोडवली. तिच्यात बारीक जाळी असते, कचरा अडवायची. जाळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, नाकाजवळ नेली. आणि एकदम माझ्याकडे पाठ केली.  मला त्याची मानच दिसत होती. त्याने चिंधीने जाळी पुसली, थोड्या डिझेलात खळबळून धुतली, पुन्हा पुसली, चिंधी पिशवीत खोलवर कोंबली.

"काय होतं?" जेलूलने विचारलं.

"कचरा. जेवायला काय आहे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तोपर्यंत त्याने बॅटरीच्या तारा सोडवल्या होत्या, बॅटरी दोन्ही हातांत उचलली आणि तंबूत नेऊन सावलीला ठेवली. पाहुण्याला बसवावं तशी, वाऱ्याच्या आड. मग तिच्याशेजारी स्वतः बसला.

"ती दमलीय," तो म्हणाला. "जरा निजू दे, झटका परत येईल. माणसालाही तेच लागतं. तोवर आपण का उपाशी राहायचं?"

मी वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात अशी ठेवली की भोपळ्याचा रस्सा कडेवरून सांडला. तो हसला आणि सांडलेला रस्साही बोटाने गोळा केला. सुकं मटण मी तीन तुकडे वाढलं होतं. चौथा त्याने स्वतः शोधला. बाहेर मेंढरं ओरडत होती. ओरडणंही आता कमी झालं होतं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट.

जेलूल घास तोंडात न घालता बसला होता. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही जेवताय आणि माझी मेंढरं तिथे मरताहेत."

"मरत नाहीयेत. त्यांना ट्रकच्या सावलीला दाटीने उभी कर, एकीच्या पोटाखाली दुसरीचं डोकं जाऊ दे. संध्याकाळपर्यंत तग धरतील. उद्याचं मी बोलत नाही." मग तूनेसकडे न बघता, रश्शात भाकरी बुडवत, "पोरी, हा ट्रक उभा असला की खाली डिझेल ठिबकायचं का गं?"

तूनेसच्या हातातला डाव परातीवर थांबला.

"ठिबकायचं, काका. थोडं थोडं. रात्रभर उभा राहिला की मातीत डाग व्हायचा."

"मग?"

"मग थांबलं."

"हं," तो म्हणाला. "थांबलं. रस्सा वाढ जरा."

तिने डाव्या हाताने एकदा वाढलं, पुन्हा वाढलं, रस्सा परातीच्या कडेला येईपर्यंत. मला वाटलं, मेंढरांच्या काळजीने. मी म्हटलं, उजव्या हाताने वाढ.

जेवून झाल्यावर त्याने रिकामं पोतं मागितलं, ते ट्रकखाली अंथरलं आणि पांढऱ्या सदऱ्यासकट त्यावर उताणा सरकला. जेलूल खाली वाकला तर म्हणाला, "तू मेंढरं बघ. इथे एकाचीच जागा आहे." मी ओणवी झाले तर म्हणाला, "वहिनी, उजेड अडवू नकोस." मला फक्त त्याच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, आमच्या घराण्याच्या टाचा. चाकूने काही कापल्याचा आवाज आला. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो बाहेर सरकला. एका हातात काळ्या रबराचा वीतभर तुकडा, मधोमध उभा तडकलेला.

"हे बघा. डिझेलच्या टाकीकडून येणारी नळी. वाऱ्याने भाजली, फुटली. म्हातारी झाली होती. डिझेल ओढायच्या ऐवजी हिच्यातून हवा ओढली जात होती."

"मग आता?" जेलूलने तुकडा हातात घेतला. "नवी नळी बाजारातून आणायची म्हणजे दिवस गेला."

बूझियानची नजर तंबूत फिरली आणि माझ्या शेगडीवर येऊन थांबली. गॅसच्या बाटल्यापासून शेगडीपर्यंत जाणारी नळी, नुकतीच बदललेली.

"नाही," मी म्हटलं.

"जाडी तीच आहे, वहिनी."

"पुढच्या बाजारापर्यंत मी काय काड्याकुड्यांवर स्वयंपाक करू?"

"मलाही चहा मिळणार नाही. माझं दुःख बघ."

त्याने नळी कापली, मी बघत राहिले. पुन्हा खाली गेला, दोन्ही टोकं तारेने आवळली, पकडीने पीळ दिला. बाहेर आला तेव्हा सदऱ्यावर पाठीला माती होती, पण डाग नव्हता. एक हात मात्र तो छातीवर धरून होता, डावीकडे, खिशावर. मला वाटलं, वय झालं, उताणं पडून दम लागला असेल.

आता पंपाची दांडी दाबून आतली हवा काढायची होती. मला वाटलं जेलूलला बोलावेल, नाहीतर मघासारखी स्वतःच दाबेल. त्याने हाक मारली तूनेसला.

"ये. डावखुरी आहेस ना? इथे डावाच हात पोहोचतो. माझा उजवा आत वाकत नाही, तुझ्या नवऱ्याचा पंजा फार मोठा आहे."

नवी सून, दंडापर्यंत बाही वर, इंजिनाच्या पोटात हात. एरवी मी तिला मागे ओढलं असतं. मेंढरं बघत होती.

तूनेस दांडी दाबू लागली. तिच्या अंगठ्याखालून बारीक चिक चिक असा आवाज येत होता. फेस आला, फसफसला. ती दाबत राहिली. गरम लोखंडाला तिचं मनगट लागत होतं, तिथे लाल पट्टा उमटला, तिने हात काढला नाही. घाम हनुवटीवरून इंजिनावर पडत होता. फेस विरळ झाला. मोठे बुडबुडे आले, मग लहान, मग एकेक. आणि मग स्क्रूच्या कडेने डिझेल आलं, सरळ, पिवळं, मधासारखं.

"दाबत राहा," बूझियान म्हणाला आणि स्क्रू आवळला. त्याच्या आवाजात आता बढाई नव्हती. असा आवाज मी त्याच्या तोंडून फक्त नमाजाच्या वेळी ऐकलाय.

मग त्याने पुढचं काम काढलं. इंजिनावर जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्यांचे नट एकेक सैल केले, बॅटरी आणून तारा जोडल्या, गळ्यातली चावी काढून जेलूलच्या हातात दिली. "बस वर. मी म्हणेन तेव्हा फिरवायचं, मी म्हणेन तेव्हा थांबायचं. मोठा झटका एकच आहे, तो शेवटी."

जेलूल बसला. बूझियान म्हणाला, फिरव, आणि लगेच, थांब. नळ्यांच्या तोंडातून डिझेल उडालं, चिळकांड्या. तो बाजूला सरकला होता, एक थेंब अंगावर घेतला नाही. नट आवळले. पाना खाली ठेवला. हात पुसले. आणि त्या सगळ्या वेळात त्याने एकदाही मेंढरांकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. ती निळ्या खुणेची म्हातारी तोटीखाली गुडघ्यांवर बसली होती.

"बिस्मिल्ला म्हण आणि फिरव," तो म्हणाला. "मी थांब म्हणणार नाही."

इंजिन फिरलं. जड, ओढत. एक वळसा, दुसरा, आता थांबणार असं वाटलं. मी डोळे मिटले नाहीत, पण ओढणीचं टोक दातात धरलं होतं. मग इंजिनाच्या चार भांड्यांपैकी एकच पेटलं, धाड, आणि पुन्हा गप्प. मग दोन. सगळा ट्रक कुत्र्याने अंग झटकावं तसा हलला. मागच्या नळीतून पांढरा लोट उठला, खोकला, काळा झाला, आणि मग चारही भांडी लागली, टाकी थरथरायला लागली, तोटी खुळखुळायला लागली. म्हातारी मेंढी दचकून उठून उभी राहिली.

मी मागे जाऊन नळीसमोर हात धरला. कुणी सांगितलं नव्हतं. "वास आहे," मी म्हटलं, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

काका-पुतणे पाण्याला गेले. मी आणि तूनेसने मेंढरं दाटीने उभी केली, कोकरं वेगळी काढली.  तिच्या मनगटावर लाल पट्टा होता, त्यावर मी लोणी चोपडलं. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. काही सांगायचं असल्यासारखी. मी विचारलं नाही; माझा स्वभाव विचारण्याचा नाही.

ऊन कलायच्या आधी धूळ दिसली. मेंढरांनी आमच्याआधी पाहिली. ट्रक थांबायच्या आत ती त्याच्यावर धावली, आम्ही काठ्या आडव्या धरून उभ्या राहिलो, नाहीतर चाकाखाली गेली असती. डोण्यांत पाणी पडलं. मग आवाज बंद झाला. सगळ्या कळपाचा आवाज एकदम बंद होतो आणि फक्त घशातून पाणी उतरण्याचा आवाज उरतो, त्यापेक्षा चांगलं काही या माळावर ऐकायला मिळत नाही. निळ्या खुणेच्या म्हातारीला मी स्वतः मान धरून मागे ओढली, एकदम प्यायली असती तर फुगली असती. थोडं पाजलं, ओढली, पुन्हा पाजलं. मग तिने आपल्या कोकराला सड दिला.

काम आटोपलं तशी बूझियानने पिशवी बांधली. ट्रकवरून चावी आणून त्याने माझ्यासमोर, चटईवर ठेवली.

"चावी घरधनिणीची," तो म्हणाला. "सकाळी घेतली ती परत. माफ कर. पोरगा फिरवत राहिला असता आणि आज पाणी आलं नसतं."

आणि निरोपाला माझ्या डोक्याचं चुंबन घ्यायला वाकला. त्याचा खिसा माझ्या नाकासमोर आला.

तो वास मला अंधारात, झोपेत, मेल्यावरही कळेल. रस्त्याचं नव्हे, आमचं डांबर, झाडाचं लाकूड भाजून काढलेलं. पाणी भरायच्या कातडीला छिद्र पडलं की त्यात लोकर घालून वर डांबर चोपडायचं, ते. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर हाताएवढा काळा डाग पसरला होता. बाजारभर ज्याची बढाई, त्या सदऱ्यावर.

"खिशात काय आहे?"

"तंबाखू."

"तू कधी तंबाखू ओढलीस?"

"आता धरलीय."

"काढ."

त्याने तूनेसकडे पाहिलं. ती ताकाचा वाडगा घेऊन तंबूच्या खांबाला टेकून उभी होती, डोळे त्याच्या खिशावर लागलेले. मग त्याने हळूच खिशातून बोळा काढला. विंचरलेली लोकर, डांबरात भिजवलेली, वर दुहेरी दोरा गुंडाळलेला, बारीक, घट्ट, एकावर एक न चढलेला. उन्हाने डांबर मऊ होऊन गळलं होतं. पण गाठ तशीच होती. उलटी, डाव्या हाताची गाठ.

"हे काय?" जेलूलने विचारलं. 

मातीत थेंब दिसला की मी रोज बोलत होते, डिझेल काय आकाशातून पडतं का म्हणून. पोरीने ते ऐकलं, आणि कुणाला न विचारता ट्रकखाली सरकून, मी कातडी जशी बांधायला शिकवली तशी नळी बांधली. ठिबकणं थांबलं होतं. तिला वाटलं असेल, सासू एकदा तरी म्हणेल की थांबलं.

"कातडीतलं पाणी बाहेर ढकलतं, वहिनी," बूझियान हळू म्हणाला. "डांबर छिद्रात जास्तच घट्ट बसतं. ही नळी इंजिन चालू झालं की आत ओढते, मऊ झालेलं डांबरही ओढून घेते. हे तिला कुणी सांगायचं? मला इंजिनानेच सांगितलं, तेही चार वेळा रस्त्यात उभा करून. हा वारा नसता तर बांधलेलं टिकलंही असतं. तू तिला काही बोलू नकोस."

मला बोलू नकोस म्हणणारा माणूस या माळावर जन्माला आलेला नाही. मी बोळा त्याच्या हातातून घेतला, उजेडाला धरून सगळ्या बाजूंनी पाहिला, मग उठून त्याच्यासमोर उभी राहिले.

"बूझियान, तू खादाड आहेस, हे मी तुझ्या भावाला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं. माझ्या मुलाच्या हातातून चावी घेतलीस ते मी विसरणार नाही, माझ्या शेगडीची नळी नेलीस तेही नाही. आणि खोटं बोलणं तुला जमत नाही, सोडून दे. पण माझ्या जिभेपासून माझ्याच सुनेला वाचवायला तू तुझा पांढरा सदरा काळा केलास. हे तुझ्या भावालाही सुचलं नसतं. आता ऐक. ही गाठ चांगली आहे, ही माझ्या घरची गाठ आहे, आणि ती मारणारी पोर माझी आहे. सदरा काढ आणि इथेच ठेव, लोणी लावलं की डांबर निघतं, ती काढून देईल. तो न्यायला तुला यावं लागेल. येशील तेव्हा पोटभर जेव, मग तिला ट्रकखाली घेऊन जा आणि काय ढकलतं, काय ओढतं ते सगळं दाखव. चावी तिच्याकडे असेल. तिच्याकडे माग."